हात बांगड्यांनी भरलेले

कासाराच्या दुकानावरून जाताना मी अजून पदर ओढून घेते आणि मान खाली घालते. मेहरूणला भाचीकडे राहायला आल्यापासून हे घरातल्यांच्या लक्षात आलं आहे. भाची मुलींना हळूच सांगते, "आजीपुढे बांगड्या मिरवू नका गं, तिला जुनं आठवतं." जुनं म्हणजे माझं वैधव्य, असा तिचा समज. बिचारी मायाळू आहे. तेराव्या वर्षी सासूनं जोत्याच्या दगडावर माझे हात आपटून बांगड्या फोडल्या, ते मला आठवतं हे खरं. पण त्याची मला लाज वाटत नाही. ज्यांनी फोडल्या त्यांना वाटावी. मला लाज वाटते ती दुसऱ्याच हातांची, आणि ते हात माझे नव्हते.

आजवर हे कुणाला सांगितलं नाही. आता डोळे अधू झालेत, ते पुरते जायच्या आत लिहून टाकते. कुणाचं नाव घालणार नाही. नावं घातली की वाचणारा त्या नावांवर राग काढून मोकळा होतो, आणि माझ्या वाटणीचा राग मला दुसऱ्याला द्यायचा नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चोपड्याकडच्या बाजूला एका मोठ्या गावात मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे लोकांना वाटायचं की या बाईला कशाचं काही वाटत नाही. मला सगळ्याचं वाटायचं. शाळेच्या दारात "बाई, बाई" करून पाया पडणाऱ्या बायका चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाल्या की माझं दार सोडून पुढे जायच्या. लग्नाच्या घरी मी मागच्या दारानं शिरायची आणि भांड्यांच्या खोलीत बसायची. सणावाराला कुणाच्या वाटेत आडवी येऊ नये म्हणून कुठंही जायचं झालं की मी आधी निरोप धाडायची. मी येतेय म्हटलं की ज्याला टाळायचं तो टाळेल, आणि मला त्याचं तोंड वाकडं झालेलं बघायला नको. ही खोड इतकी हाडात मुरली होती की तिला मी रीतभात म्हणायची.

त्या सुमारास जळगावच्या काही भल्या लोकांनी अनाथ आणि घरात हाल होणाऱ्या मुलांसाठी एक मंडळ काढलं. एक वकील, एक डॉक्टर आणि एक पेन्शनीत निघालेले मामलेदार. कुठल्या मुलाला छळतात असं कानावर आलं की घरी जाऊन बघायचं, रिपोर्ट द्यायचा, आणि तसंच असेल तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन मूल धुळ्याच्या आश्रमात पोचवायचं. पण लोकांच्या चुलीपर्यंत जायला बाईमाणूस लागतं. सवाष्ण बायकांना घरचे लोक कुठले सोडायला? मग मंडळींना मी आठवले. मला छापील फॉर्मांची एक वही मिळाली. मुलाचं खाणं कसं, कपडे कसे, अंगावर खुणा आहेत काय, असे रकाने त्यात होते. उंदराला सापडली चिंधी म्हणतात ना, तशी मी ती वही उराशी धरून हिंडायची.

आमच्या भागात एक कासार फिरत असे. साठीचा, पाठीला पोक आलेला, खांद्यावर बांगड्यांच्या माळांचं ओझं. परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा गावात दोघांनाच, वैद्याला आणि कासाराला. वैद्य नाडीपुरता धरतो, कासार पुरता धरतो. दाबतो, चोळतो, अंगठा आत मुडपतो आणि हाडं मिटवून काच वर सरकवतो. कुठल्या सुनेला जात्यावर जुंपलंय, कुणाचा हात कुणी पिरगाळलाय, हे सगळं त्याच्या बोटांना कळतं. पण कळलेलं बोलायचं नाही हा त्या धंद्याचा नेम. बोलला की दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी ओसरीवर बसू देणार नाही.

तो नेम मोडून हा म्हातारा एका दुपारी शाळेत आला. तांब्याभर पाणी प्याला आणि पोरी घरी जाईपर्यंत पायरीवर बसून राहिला.

"बाई, एक गोट सांगू का? रागे भरू नका."

"सांग की."

त्यानं डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्या मेलेल्या भावाची मुलगी होती. नऊएक वर्षांची. आई तिच्या लहानपणीच गेलेली, बाप दोन वर्षांमागे. काका दिवसभर शेतात, पोर काकूच्या हाताखाली.

"तिना हातवर डाग शेतस, बाई. मनगटपाईन कोपरलगून. उलथनं तापाडीसन लावस तिनी काकू. मी बठ्ठा गावना हात धरस, मनी बोटं खोटं नही सांगत."

"तू घरच्यांना काही बोललास?"

"मी काय बोलू? मी कासार. तुम्ही मास्तरीन शेतस, सरकारनं कागद शे तुमनाजोडे. तुम्ही फक्त हात दखा. बाकी बठ्ठं तो हातच सांगी."

मी त्याच दिवशी, कासाराला सांगूनच, धुळ्याच्या आश्रमाला कार्ड टाकलं, एका मुलीची जागा धरून ठेवा म्हणून. उलट टपाली उत्तर आलं की जागा आहे, केव्हाही आणा. इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. पुढे काय केलं? आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सुट्टी लागत होती, शाळा बंद, जायला बैलांची दमणी मिळण्यासारखी. मी त्या गावच्या पोलीस पाटलाला चिठ्ठी लिहिली की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बाई अमक्याच्या घरी मुलीला पाहायला येत आहेत. सणाचे दिवस, त्यात पांढऱ्या कपाळाची बाई दारात न सांगता उभी राहिली तर लोक काय म्हणतील? म्हणून कळवलं. पाटील त्या काकाचा भाऊबंद होता. हे मला नंतर कळलं, असं मी पुढं कोर्टात म्हणाले. मला आधीपासून ठाऊक होतं.

चिठ्ठीनंतर सहा दिवसांनी मी गेले.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. माहेरवाशिणी येतात, झाडाझाडाला झोके चढतात, पोरी नवे परकर घालून गात हिंडतात. सणाआधी कासार गावात येतो आणि तान्ह्या पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्यांचे हात भरतो. त्या दिवसांत भरलेले हात बघून कुणाला नवल वाटत नाही.

त्या घराचं अंगण सारवून लख्ख केलेलं होतं. काकू दारातच उभी. तिशीची असेल, गोरीगोमटी, बोलणं असं की कानाला गार वाटावं. मी सवयीनं उंबऱ्याबाहेर थबकले, तर तिनं माझा हात धरला.

"या ना अक्का. उंबरावर कसाले उभ्या ऱ्हायन्यात? तुम्ही शिकेल-सवरेल बाई, तुमना पाय लागना आमना घरले."

तिनं मला आत नेलं. भांड्यांच्या खोलीत नाही, बायकांच्या पंगतीत. दोन्ही बाजूंना हिरवे चुडे भरलेल्या सवाष्णी आणि मध्ये माझा पाट. रस पहिला माझ्या वाटीत पडला. वीस वर्षांत सणाच्या पानावर सवाष्णींच्या ओळीत मला कुणी बसवलं नव्हतं. या घरात पोरीला चटके देतात? कासाराची मती फिरली असली पाहिजे, असं मला वाटून गेलं. वाटून गेलं कसलं, मला तसंच वाटायला हवं होतं.

मुलगी समोर बसली होती. तेल लावून चापून बसवलेले केस, लाल परकर, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, एकीला एक लागून. ती स्वतःच्या हातानं जेवत नव्हती. काकू सांजोरीचा तुकडा मोडून, रसात बुडवून तिला भरवत होती. मी मनात म्हटलं, सख्खी आई एवढ्या मोठ्या मुलीला भरवायची नाही. तिला बोटं मिटता येत नसतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज चाळीस पोरींच्या हातात पाटी-पेन्सिल देणारी बाई मी.

जेवणं झाल्यावर मला माझ्या कामाची आठवण झाली. मुलीला जवळ बोलावलं, नाव विचारलं, पाढे विचारले. मग तिचा उजवा हात हातात घेतला आणि बांगड्या वर सरकवून पाहायला गेले. त्या सरकेनात. एका मापानं लहान होत्या, मांसात रुतल्यासारख्या. मी जरा जोर केला तशी मुलीनं श्वास आत ओढला. रडली नाही.

"ऱ्हाऊ द्या ना अक्का," काकू हसून म्हणाली, "वाढी जाई एखादी. सणना दिन शेतस."

आमच्यात बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कुमारिकेची बांगडी सणाच्या दिवसांत फुटणं हा अपशकुनच. आणि ती फोडणार कोण, तर जिच्या स्वतःच्या बांगड्या तेराव्या वर्षी फोडल्या ती. काकू तेवढंच बोलली. बाकीच्या बायकांचं बोलणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. त्या नुसत्या माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिल्या.

मला ते हात बघायचे तर दोन बांगड्या फोडाव्या लागणार होत्या. दोनच पुरल्या असत्या. माझ्याजवळ मंडळाचं पत्र होतं, बरोबर आलेला पाटील बाहेर ओसरीवर होता, धुळ्याला जागा धरलेली होती. मी हात सोडून दिला.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की मला माझा दगड आठवला, पोरीची दया आली म्हणून मी फोडल्या नाहीत. दया कसली! भीती होती. आत्ता आत्ता ज्या पंगतीत बसायला मिळालं, तिथून उठून पुन्हा भांड्यांच्या खोलीत जायची भीती.

मग आम्ही सगळ्या अंगणात आलो. कडुलिंबाला झोका होता. काकू म्हणाली, पहिला हिसका अक्कांनी द्यायचा. मी दिला. पोरी पाळीपाळीनं बसत होत्या. ही मुलगी मात्र खोडाला टेकून उभी.

"ती का नाही बसत?" मी विचारलं.

"तिले भवंड येस," काकू म्हणाली. भवंड म्हणजे चक्कर. मला पटलं. दोर धरायला हात लागतात, हे कुणी सांगायला हवं होतं का?

पुढचं लिहिताना मी दोनदा पान फाडलं आहे.

काकू पान लावायला आत गेली तेवढ्यात मुलगी माझ्याजवळ सरकली. खाली बघत, ओठ न हलवल्यासारखं करून तिनं विचारलं, "बाई, धुयाले आखाजीले झोका बांधतस का?"

तिनं माझ्याशी स्वतःहून काढलेले शब्द एवढेच. मला त्यातलं काहीएक कळलं नाही. कळलं नाही असं म्हणते, पण धुळ्याचं नाव तिच्या तोंडी कुठून आलं एवढं तरी मनात यायला हवं होतं. मी झोक्याच्या आणि रसाच्या आनंदात होते. वर्गात एखादी पोर वेडगळ बोलली की मी सगळ्यांना ऐकवून तिची फिरकी घ्यायची, ती सवय. काकू विड्याचं तबक घेऊन बाहेर येतच होती. मी मोठ्यानं म्हटलं, "ऐकलंत का, हिला धुळ्याचा झोका हवाय! इथला पसंत नाही वाटतं राणीसरकारांना!"

बायका खो खो हसल्या. काकूही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मग मऊ आवाजात म्हणाली, "धुयानं तुले कोनी सांगं व?"

मुलगी पुन्हा खोडाला टेकली. ती माझ्याकडे बघत होती.

त्याच दुपारी पाटलाच्या ओसरीवर बसून मी फॉर्म भरला. खाणं : चांगलं, काकू स्वतः भरवते. कपडे : नवे. अंगावर खुणा : दिसल्या नाहीत, हात बांगड्यांनी भरलेले. माझं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पान फार सुरेख दिसलं. निघताना काकूनं सांजोऱ्यांची दुरडी दमणीत ठेवली. वाटेत मी त्यातल्या दोन खाल्ल्या.

जळगावला वकीलसाहेबांनी रिपोर्ट वाचून इतरांना दाखवला. "असं नेमकं काम हवं. उगाच कुणाचं घर मोडायचं नाही, खात्री करून घ्यायची." मला मूठभर मांस चढलं. धुळ्याला मी दुसरं कार्ड टाकलं की जागेची गरज राहिली नाही, तसदीबद्दल क्षमस्व.

आषाढ सरत आला तेव्हा कासार पुन्हा आला. खांद्यावर माळा नव्हत्या. शाळा भरलेली होती तरी तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मी रागावून म्हटलं, "हे काय, वर्ग चाललाय!"

"पोर गयी, बाई," तो म्हणाला.

विहिरीवर पाय घसरला असं घरचे सांगत होते. फौजदाराला संशय आला, कारण डोक्याला मागून मार होता आणि पोटात पाणी नव्हतं. मुडद्याच्या बांगड्या फोडून डॉक्टरनं हात पाहिले. खाली सगळे चटकेच होते, काही ओले, काही वाळून काळे झालेले.

मी पायरीवर बसले. तो उभाच होता. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुमनी चिठ्ठी उनी, मंग काकूनी माले बलायं. एक माप लहान भर म्हने, कोपरलगून भर. मी म्हनलं, भरू द्या. बाईसले ठाऊक शे बांगड्यासखाले काय शे ते. त्या दखतीनच. पोर रडनी नही, बाई. मी तिना कानमां सांगं, उगी ऱ्हाय, बाई येनार शे, तुले धुयाले लई जाई."

तेव्हा मला झोक्याचा अर्थ कळला. खाली बघत, कुणाला ऐकू जाऊ नये असं बोललेली ती पोर मला काय विचारत होती, हे तेव्हा कळलं. ती मला सांगत होती की मला ठाऊक आहे तुम्ही का आलात, चला. आणि मी ते अंगणभर ओरडून सांगितलं होतं, जिच्यापासून तिला न्यायचं तिच्याच तोंडावर.

खटला दिवाळीनंतर जळगावच्या सेशन कोर्टात उभा राहिला. आरोपी काकू. आदल्या दिवशी मंडळाच्या वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "बाई, तुम्ही रिपोर्टात जे लिहिलंय त्यावर ठाम राहा. तुम्ही डगमगलात तर लोक म्हणतील मंडळाच्या डोळ्यांदेखत पोर मेली. मग उद्या आपल्याला कुठल्या घरात कोण शिरू देईल? आणि शाळेतही तुमच्याबद्दल बोललं जाईल." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला खोटं बोला म्हणून एकदाही सांगितलं नाही. ते काम मी माझ्या अकलेनं केलं.

आधी कासाराची साक्ष झाली. टेबलावर एका पुड्यात हिरव्या काचांचे तुकडे ठेवले होते. त्यानं सांगितलं की आखाजीच्या आधीपासून मुलीच्या हातांवर डाग होते, बांगड्या भरताना मी पाहिले. आरोपीचे वकील हसले. पाहिलेस तर बोलला का नाहीस? त्यानं सांगितलं, बोललो, बाईंना सांगितलं. तू सांगतोस म्हणून कोर्टानं खरं मानायचं काय? तेव्हा म्हाताऱ्यानं मान वळवून मला शोधलं, आणि सापडल्यावर त्याचा चेहरा निवळला.

"माले नका इचारू साहेब," तो म्हणाला. "बाईसले इचारा. त्यासले बठ्ठं ठाऊक शे."

मग माझ्या नावाचा पुकारा झाला.

आरोपीच्या वकिलांनी रिपोर्ट वाचून दाखवला. हात बांगड्यांनी भरलेले, हे त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "बाई, आपण मुलीचे हात स्वतः पाहिलेत?"

"पाहिले."

"बांगड्यांखालीही?"

एवढा एकच प्रश्न होता. त्याचं खरं उत्तर दोन अक्षरांचं होतं. समोर मंडळाचे तिघे बसले होते, मागे शाळेच्या कमिटीचे लोक. खरं बोलले तर उद्यापासून मी कोण? ज्या बाईनं रस खाऊन रिपोर्ट लिहिला ती.

"सरकवून पाहिल्या," मी म्हणाले. "खुणा नव्हत्या."

"मुलीनं काही तक्रार केली?"

"नाही."

"काही म्हणाली?"

"नाही. काही नाही."

शिकलेल्या, निःस्वार्थी, सेवाभावी बाईची साक्ष कोर्टाला विश्वासार्ह वाटली. आखाजीला हात स्वच्छ होते, तर डॉक्टर जुने म्हणतात ते डाग इतके जुने कसे, आणि कासार खोटं का बोलतो, असा सगळाच पुरावा डळमळला. संशयाचा फायदा मिळून काकू सुटली.

बाहेर व्हरांड्यात ती माझी वाट बघत उभी होती. मी चुकवून जाणार तोच ती वाकली आणि डोकं माझ्या पायांवर ठेवलं.

"तुमना उपकार मी जलमभर इसरनार नही, अक्का."

येणारे-जाणारे बघत होते. कुणीतरी कौतुकानं म्हणालंही, बाई देवमाणूस आहेत. माझ्या पायांना तिच्या कपाळाचं कुंकू लागलं. मी ते कोर्टाच्या नळावर धुतलं, आणि घरी येऊन पुन्हा धुतलं.

कासार फाटकाजवळच्या झाडाखाली बसला होता. त्याच्यापुढून जाण्यावाचून वाट नव्हती. मी थांबले. काय बोलणार होते कोण जाणे. तो वर न बघता म्हणाला, "तिले बांगड्या मीच भऱ्यात, बाई. मी ते कबूल करं." आणि उठून स्टेशनच्या रस्त्याला लागला.

त्यानंतर त्याला आमच्या भागात कुणी हात दिला नाही. घरातलं बाहेर सांगतो, वर कोर्टात खोटंही बोलतो, असं त्याच्याविषयी झालं. त्याचा धंदा माझ्यामुळे बुडाला. तो कुठे गेला मी चौकशी केली नाही. केली असती तर कळलं असतं, म्हणून नाही केली.

मी मात्र मंडळात राहिले. पुढची सात-आठ वर्षं मी घरोघर हिंडले, आणि खरं सांगते, त्यानंतर कुठल्याही घरी मी कळवून गेले नाही. दारात उभी राहायची, लोकांची तोंडं वाकडी व्हायची, होऊ दिली. दोनदा मी माझ्या हातानं पोरींच्या बांगड्या फोडल्या. एकीच्या हाताला खरंच काही नव्हतं, तिच्या आजीनं मला शिव्याशाप दिले. दुसरीला मी धुळ्याला पोचवली. हे लिहिताना मनात येतं की हे मी कशाला सांगते आहे? तेवढ्यानं काही फिटत नाही.

त्या दुसरीला पोचवायला गेले तेव्हा मी धुळ्याचा आश्रम पहिल्यांदा पाहिला. देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. तिथल्या व्यवस्थापक बाईंशी माझा इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार, भेट पहिलीच. म्हाताऱ्या, बुटक्या, बोलक्या. त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं पहिलं कार्ड मला अजून आठवतं. एका मुलीसाठी जागा धरायला सांगितली होतीत. मी खाट लावून ठेवली होती हो. मग तुमचं दुसरं कार्ड आलं. बरी आहे ना ती?"

"बरी आहे," मी म्हणाले. "सासरी नांदते."

त्यांना फार आनंद झाला.

मी आणलेल्या मुलीला त्यांनी हाताशी धरून मागच्या अंगणात नेलं. मीही गेले. आखाजी होऊन महिना उलटला होता. तरी कडुलिंबाला झोका तसाच होता, आणि पोरी पाळीसाठी भांडत होत्या. बाई म्हणाल्या, "सणापुरता बांधतो आणि सोडायचं कुणाच्या जिवावर येतं? वर्षभर राहतो."

माझ्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर ती धावली आणि दोन्ही हातांनी दोर धरून बसली.

होय गं बाळा. धुळ्याला झोका बांधतात.